गाविलगडावर कानात बोललेलं

तेल्हारा,
१३ जानेवारी २०२५

आदरणीय भगवंतदादा,
सप्रेम जय भीम.

गुडघे घरी पोचले का? माझे गाविलगडावरच राहिले.

काल तुम्ही सोबतच होता, तरी हे पत्र. कारण ऐकण्यापुरतं तुम्ही सोबत असलात काय आणि नसलात काय. परतवाड्याच्या आरामशीननं लाकडासोबत तुमचे कानही चिरले, आणि कानाचं यंत्र तुम्ही खणात टाकून दिलं. मोबाईलवर लिहावं तर तुमची बहीण आधी वाचते आणि मी काय लिहिलं ते मलाच सांगते. उद्या आपला पिकअप खुर्च्या-गाद्या घेऊन तुमच्याकडे येतो आहे, ड्रायव्हर पत्र देईल.

गड पाहिला. पाहिला म्हणजे सहन केला. पूर्वी लोक घरी येऊन, पोहे खाऊन मुलगी पाहून जात. आता म्हणे दोन्ही घरांनी मिळून फिरायला जायचं, म्हणजे मुलं मोकळी बोलतात. मुलं काय बोलली देव जाणे, मुलाचा बाप मात्र मोकळाच बोलला. तिकीट काढून आत जायचं, आणि आत काय? तर पडलेलं. दादा, माझा बिछायतीचा धंदा. मांडव टाकणं कोणालाही येतं, उपसणं ही कला आहे. सकाळी कुत्र्यालाही कळू नये की काल इथे पंगत उठली. ह्या बादशहांनी मांडव टाकला, वऱ्हाड जेवलं, गेलं, आणि उपसायला कोणी आलंच नाही. त्याला आता इतिहास म्हणायचं आणि उन्हात उभं राहून माना वर करायच्या.

माणसं तर त्याहून भारी. मशिदीच्या कमानीत ते जोडपं लग्नाआधीचे फोटो काढत होतं. नवरी धावत येते, नवरा हात पसरतो, फोटोवाला ओरडतो, "मॅडम, और थोडा प्यार से!" आणि मॅडमचा पाय शेणात. भिंतीवर नावं कोरणारे वेगळेच. ज्याचं नाव घरच्या रेशनकार्डावर धड नाही त्यानं ते पाचशे वर्षांच्या दगडावर कोरलं आहे. खाली स्ट्रॉबेरीचे द्रोण घेतले, ते माकडांनी नेले. गडावरचे खरे पर्यटक तेच. फुकट येतात, पोट भरून जातात, भाषण देत नाहीत.

भाषणावरून आठवलं, मुलाचे वडील, तुमचे वानखडे साहेब. बांधकाम खात्यातून निवृत्त झाले, पण खातं त्यांच्यातून निवृत्त झालं नाही. प्रत्येक भिंतीला काठी लावून "श्रावणराव, जाडी पाहा." शार्दूल दरवाज्यावर तो दोन तोंडांचा पक्षी कोरला आहे ना, पायात हत्ती धरलेला? "ह्याला गंडभेरुंड म्हणतात," म्हणाले. मी नीट पाहिला. तोंडं दोन आणि कान एकही नाही. मला तो साहेबांचाच फोटो वाटला. आम्हा अकोला जिल्ह्यातल्या माणसाला घरचा नरनाळा किल्ला असताना ह्यांचा गड दाखवतात, हेही एक विशेष.

आणि तुम्ही ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला तो मुलगा, अश्विन. बँकेत आहे, मान्य. दिसायला बरा, मान्य. पण सबंध दिवस मांडवाच्या खांबासारखा. विचारलं तर हो, नाही विचारलं तर तेही नाही. उतरताना तर तुटक्या पायऱ्यांवर मधातच भिंतीला टेकून उभा. बाजूला व्हायचं नाव नाही! मलाच त्याच्या अंगाला घासून उतरावं लागलं. मागे कुठेतरी दगड गडगडला, मी म्हटलं, घ्या, गड अजून पडूनच राहिला आहे. होणाऱ्या सासऱ्याला वाट देण्याची ज्याला अक्कल नाही, तो आमच्या प्रियदर्शनीला काय देणार?

तरी हे सगळं मी गिळलं असतं. पण माझे कान तुम्हाला माहीत आहेत. पडद्यामागे उभं राहून मी कितीतरी सोयरिकी जुळताना आणि तुटताना ऐकल्या आहेत. मशिदीत आपण दोघं कमानीपाशी उभे होतो आणि ती मंडळी पलीकडे होती. तेव्हा मुलाच्या आईचा, माधवी मॅडमचा आवाज आला, अगदी स्वच्छ. शेवटी शाळेच्या मुख्याध्यापिका. म्हणाल्या, "मंडपवालाच शेवटी."

मी मंडपवाला आहेच. दुकानावर तशी पाटी आहे, प्रियदर्शनी बिछायत केंद्र, ठळक अक्षरात. मागून आणलेल्या दोन सतरंज्यांवर सुरुवात केली, त्या नदीवर मी स्वतः धुतल्या. मंडपवाला म्हटल्याचं दुःख नाही दादा. दुखलं ते 'शेवटी'.

तुम्ही मधले. तुम्हीच अमरावतीला वानखड्यांना नकार कळवा. कारण सांगू नका. म्हणा, मुलीला पसंत नाही. प्रियाला मी विचारलं नाही, पण बाप आहे, मला तिच्या तोंडावरून कळतं.

आपला,
श्रावण


परतवाडा,
१७ जानेवारी २०२५

श्रावणराव जवाईबापू यांले जय भीम.

पत्र भेटलं. ड्रायवर चहा पेला, गेला. खुर्च्याईत दोन मोडक्या निंगाल्या, ते तुमचं तुमी पाहा.

मले गडावर काई ऐकू आलं नाई हे खरं हाये. पण ज्याले ऐकू येत नाई त्याले लोकाईची तोंडं पाहा लागते. म्या दिवसभर तेच केलं. तुमी म्हणता प्रियाच्या तोंडावरून तुमाले कळते. मंग स्ट्रॉबेरीवाल्यापाशी तुमी कुठं पाहून राहिले होते? तो पोरगा तिले काहीतरी म्हणला, अन् पोरगी अशी हासली का द्रोणच सुटला हातातून. माकडानं उचलला तो हाच. हे अशी पसंत नसलेली पोरगी म्या पयल्यांदा पाहिली.

आता म्या एक विचारतो. मशिदीत तुमी माया कानाले तोंड लावून काय बोलले? तुमची थुकी माया गालावर, टोपीवर. म्या मान हालवली, ते तं मी सगळ्याईलेच हालवतो. पण तुमचं तोंड माया कानाकडं होतं अन् पाठ त्या मंडळीकडं. कमान माया डोयापुढं होती. तुमी बोलाले लागले अन् वरतून कबुतरं उडाले. तो फोटोवाला क्यामेरा सोडून आपल्याकडं पाहाले लागला. नवरी बी. वानखडे साहेबाची काठी भिंतीवरून खाली आली. मॅडमचं तोंड उघडलं ते याच्यामंग.

पयले तुमी, मंग मॅडम. असा नंबर हाये.

तुमी काय बोलले ते लिहा. तवरोक म्या कोनालेच नकार-बिकार कळवत नाई. मधला माणूस म्हंजे काय पोस्टाची पेटी हाये का, का टाकलं अन् गेलं?

तुमचा,
भगवंत


तेल्हारा,
२१ जानेवारी २०२५

आदरणीय दादा,
जय भीम.

कबुतरं उडाली म्हणून सोयरीक करायची असेल तर तसं सांगा. कबुतराला उडायला कारण लागत नाही. आणि फोटोवाल्याचं म्हणाल तर तो दिवसभर नको तिथेच पाहत होता.

मी काय बोललो ते लपवण्यासारखं नाही. मी म्हणालो, "दादा, पोरगा पाहिला का? रिकामा खांब हाये! आमच्या मांडवाचा खांब निदान कापडाचं वजन तं उचलते! अन् बाप पाहा, पडक्या भिंतीचा मुकादम! याच्या घरी पोरगी देण्यापरीस इथल्या माकडाले देतो, तो निदान द्रोण तं रिकामा करते!"

बस्स, एवढंच. आणि ते मी तुमच्या कानात बोललो. भिंतीलाही कळलं नसेल. खाजगीत घरच्या माणसाशी बोलणं वेगळं आणि भिंतीआड राहून माणसाचा धंदा काढणं वेगळं. ह्यातला फरक तुम्हाला मी सांगावा?

घरात तुमची भाची तोंड फिरवून आहे. रविवारी अकोल्याहून आली, कॉलेजच्या पोरांचे पेपर तपासले, माझ्या पानात भाजी वाढली आणि "अजून?" एवढाच शब्द बोलली. तुमची सुंदरा म्हणते, पोरीले विचारा. मी म्हणतो, विचारायचं काय, दर्यापूरचं एक स्थळ आलंच आहे. मुलगा इंजिनीअर, घरी काळ्या मातीची शेती, बापाला गड-किल्ल्याचा नाद नाही. फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी आपल्याच घरी येतात. पोहे होतील. त्याआधी अमरावतीचा विषय संपवा. तुमच्याकडून होत नसेल तर मी फोन उचलतो, माझ्या आवाजाला मध्यस्थ लागत नाही.

आपला,
श्रावण


अकोला,
२४ जानेवारी २०२५

प्रिय मामा,
जय भीम.

तुमच्याशी फोनवर बोलता येत नाही आणि बाबांशी समोर बसून बोलता येत नाही, म्हणून हे पत्र. हे कुरिअरनं पाठवते आहे, पिकअपच्या हाती दिलं असतं तर ड्रायव्हरनं आधी बाबांना दाखवलं असतं.

आईनं मला बाबांच्या पत्राचं सांगितलं. बाबा म्हणतात, मी फक्त दादांच्या कानात बोललो. मामा, तुमच्या कानात बोलायचं म्हणजे बाबा कसे बोलतात हे तुम्ही सोडून सगळ्या तेल्हाऱ्याला माहीत आहे. तुम्ही घरी आलात की शेजारच्या काकू मिक्सर बंद करून अंगणात येतात. आणि तिथे तर वर घुमट होता. "रिकामा खांब" एकदा सरळ आलं, मग घुमटातून फिरून आलं. माकडाचं वाक्य तर त्या फोटोतल्या नवरीनं शेवटपर्यंत ऐकलं आणि ती खो खो हसत सुटली.

मी आणि अश्विन शेजारी उभे होतो. मला त्या दगडात शिरून जावंसं वाटत होतं. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही, म्हणजे मला लाज वाटू नये म्हणून नाही पाहिलं. थोड्या वेळानं हळूच म्हणाला, "तुझ्या बाबांचा माइकवाल्याचा खर्च वाचत असेल." मामा, माझं त्या वाक्याला ठरलं. मला हाच मुलगा हवा आहे.

दर्यापूरच्या लोकांना मी नाही म्हणेन. पण बाबा कारण विचारतील, आणि मग मला सांगावं लागेल की तुमचं अक्षर न् अक्षर सगळ्यांनी ऐकलं. ते माझ्याच्यानं होत नाही. जन्मभर ते दुसऱ्यांचं ऐकत आले, आपलं कोणी ऐकत असेल हे त्यांच्या मनातही नसतं. ते खाली मान घालून बसलेले मी कधी पाहिले नाहीत आणि मला पाहायचेही नाहीत.

तुम्ही काही तरी करा. तुमच्यावर ते ओरडले तरी तुम्हाला ऐकू येणार नाही, एवढा फायदा तुमच्याकडे आहे.

तुमची,
प्रिया


परतवाडा,
२९ जानेवारी २०२५

श्रावणराव जवाईबापू यांले जय भीम.

तुमचं पत्र खिशात घातलं अन् एसटीत बसून अमरावतीले जाऊन आलो. नकार कळवाले नाई. म्हणलं, जे तोंडं लांबून पाहिले ते जवळून पाहू.

तुमी पत्रात पुस्तकासारखं लिहिता अन् गडावर तेल्हाऱ्याच्या बाजारासारखं बोंबलता, हे म्या कशावरून ओळखावं? मले तं दोन्ही सारखेच. पण बाकीच्याईले कान हायेत, राजेहो! बहिऱ्याच्या कानात सांगतलं अन् म्हणे खाजगी. वरून घुमटाखाली. मांडवाले भोंगे भाड्यानं देणाऱ्या माणसाले एवढं समजू नये? सगळ्याईनं सगळं ऐकलं. खांब ऐकला, मुकादम ऐकला, माकड बी ऐकलं. तुमची पोरगी बी तिथंच उभी होती.

मॅडमनं शाळेतली जुनी पाटी काढली अन् मोठ्या अक्षरात लिहून देल्लं, म्हंजे मले चष्मा बी नाई लागला. त्या जे बोलल्या ते आखं असं हाये: "मंडपवालाच शेवटी. लग्नाच्या दिवशी पोरीकडं नाई, खांबाकडंच पाहात बसंल." पोरगा खांब, बाप मुकादम, अन् नवरा-बायको माकडापरीस गेलेले, हे ऐकल्यावर बाई एवढंच बोलली. म्या तिच्या जागी असतो तं गोटा हाणला असता. जवाईबापू, तुमचे कान एवढे तेज, मंग मांगचं अर्धं वाक्य तुमी मले कावून नाई लिहिलं? ऐकू तं आलंच असंल.

आता खांबाचं ऐका. म्हंजे वाचा.

उतरताना पायरीचा एक मोठा गोटा हालून राहिला होता. तो पोरगा सगळ्याईच्या पयले उतरला, त्याले ते समजलं. त्यानं खांदा भिंतीले लावला, पायानं तो गोटा दाबून धरला अन् तसाच उभा राहिला. तुमी त्याच गोट्यावर पाय देऊन उतरले, वरून त्याच्याकडं डोये वटारून पाहिलं. त्याच्यामंग म्या उतरलो. मंग सुंदरा उतरली, साडी सावरत. मंग त्याची माय. सगळे खाली आल्यावर त्यानं पाय काढला, तं गोटा गडगडत दरीत गेला. मले आवाज नाई आला. तुमाले आला. तुमीच मले लिहिलं, गड अजून पडून राहिला.

तुमचं ऐकल्यावर त्यानं हे केलं, हे ध्यानात घ्या. आधी नाई.

ते लोक तयार हायेत. साहेब तं म्हणे, मुकादम हा शब्द बराबर हाये, त्याच्यात अपमान काय. मॅडमची एक अट हाये. लग्न अमरावतीले, अन् मांडव तुमचा नाई. तिथल्या चंद्रभानचा. कापड नाई, खांब नाई, तुमची एक खुर्ची बी नाई.

आता तुमी फोन उचलता का दर्यापूरवाल्याईले पोहे चारता, ते तुमचं तुमी ठरवा. प्रियाले विचारून ठरवा. समोर बसवून विचारा अन् जरा सावकाश बोला.

तुमचा,
भगवंत


तेल्हारा,
१० फेब्रुवारी २०२५

आदरणीय भगवंतदादा,
सप्रेम जय भीम.

तुमचं पत्र मी दुकानात वाचलं, मग गोदामात जाऊन वाचलं. गोदामात उभे खांब असतात, तिथे वाचणं जास्त वाईट. हो, मागचं अर्धं वाक्य ऐकलं होतं. ते तुम्हाला लिहिलं नाही, कारण पहिल्या अर्ध्याचा राग करता येत होता.

प्रियाला विचारलं. सावकाश बोललो. इतका सावकाश की ती म्हणाली, "बाबा, तब्येत बरी हाये ना?" मग तिनं सांगितलं, आणि मी खाली मान घातली. ती लगेच म्हणाली, "वर पाहा, मले असं नाई पाहायचं." दर्यापूरला नकार कळवला. कारण खरं सांगितलं, मुलीला दुसरा पसंत आहे. माणसं चांगली निघाली, ते म्हणाले, पोहे वाचले.

शनिवारी अमरावतीला गेलो. मॅडमनं दार उघडलं आणि माझं जय भीम निघायच्या आत म्हणाल्या, "या. हळू बोला, गल्लीत परीक्षेची पोरं हायेत." मी उभ्यानंच माफी मागितली. त्या म्हणाल्या, "गडाबद्दल बोलले ते मात्र बराबर होतं. ह्यांच्यासंगं मी तो कितीदा चढली, विचारा." साहेब आतून म्हणाले, "जाडी पाहण्यासारखीच आहे!" ते सुधारणार नाहीत. आता त्यांनी नरनाळा काढला आहे, सगळ्यांनी मिळून जायचं म्हणतात. म्हणजे अजून एक पडकं. आमचं असलं तरी पडकंच.

अश्विननं खुर्ची आणून दिली. मी म्हणालो, "बावा, तो पायरीचा दगड..." तो म्हणाला, "कोणता दगड?" इतक्या सरळ तोंडानं खोटं बोलणारा माणूस संसाराला उपयोगी पडतो. प्रियाची मला आता काळजी नाही.

मांडवाचं मात्र मी लढून पाहिलं. म्हणालो, कापड माझं घ्या, माणसं चंद्रभानची. नाही. सतरंज्या तरी? नाही. शेवटी म्हणालो, निदान पाहुण्यांच्या खुर्च्या. मॅडम म्हणाल्या, "श्रावणभाऊ, त्या दिवशी तुमी खुर्चीवर बसायचं, खुर्ची उचलायची नाही. पोरगी समोर उभी राहील, तिच्याकडं पाहायचं." दादा, त्या 'शेवटी' शब्दाचं मला आता काही राहिलं नाही. पण एवढ्या लग्नांत मी उभाच राहिलो आहे, बसून लग्न कसं दिसतं हे मला खरंच माहीत नाही.

येताना चंद्रभानचं काम पाहून आलो. सांगायला नको, पण सांगतो. दोऱ्या अशा बांधतो जशी शाळेच्या पोराची बुटाची लेस. कमानीची फुलं कागदी, तीही फिकी. खांबाखाली विटेचा तुकडा! जोराचा वारा आला तर तो मांडव बडनेऱ्यात सापडेल. चहा घेतला, "छान हाये" म्हणालो, आणि बसमध्ये बसल्यावर दात दुखेपर्यंत आवळले.

लग्न मे महिन्यात. तुम्ही मामा, तुमची जागा पुढच्या ओळीत, आणि तुमच्या शेजारची खुर्ची मी माझ्यासाठी धरायला सांगितली आहे. कानाचं यंत्र घालून या, वचनं तरी ऐका. पंचशील चालू असताना मांडवात काही वाकडं दिसलं, खांब कलला, दोर सुटला, तरी मी तुमच्या कानाला लागणार नाही. पोरीकडे पाहत बसेन. घरी आल्यावर पत्र लिहीन.

आपला,
श्रावण